बोटाने पाहिलेली लेक

समोरच्या डोंगरावर कुणाची शेळी चरतेय, हे चांगुणा अंगणातून सांगायची. अकोले तालुक्यातल्या डोंगराकडल्या त्या गावात तिच्यापासून काही लपवायची सोयच नव्हती. सत्त्याण्णवच्या हिवाळ्यात ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, ती पाय आणि तोंड सुजवूनच. "माह्यारचं पानी लागलं गं बाईला!" म्हणून बायका हसल्या, तीही हसली. रक्तदाब मोजावा, हे कुणाच्या मनातही आलं नाही.

मुलगी झाली. चांगुणाच्या आईने, झुंबरबाईने, बाळंतिणीच्या खोलीची खिडकी गोधडीने गच्च बंद केली. चांगुणाचे कान बांधले, बाजेखाली शेगडी सरकवली. वारा म्हणून लागू द्यायचा नाही! चांगुणाचं डोकं ठणकत होतं. "बाळंतवारा हाय, जाईल," म्हणत झुंबरबाईने तिच्या कपाळाला सुंठ उगाळून लावली.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी चांगुणा भाताच्या खाचरात उभी होती. साळी कलल्या होत्या आणि त्यांच्यावर जांभळा उजेड हळूहळू पसरत होता. बाजेवर पडूनही हे दिसतंय, याचं तिला नवल वाटलं नाही, उलट सुखच वाटलं. कुशीत बाळ चुळबुळलं. तिने त्याच्या नाकावरून बोट फिरवलं, तर मध्ये इवलासा खळगा. उजव्या कानाची पाळी दुमडलेली. तेवढ्यावरून तिने मनात एक गोरापान, टपोऱ्या डोळ्यांचा चेहरा रचला.

"आये, दिवा लाव की. हिचं त्वांड बघू दे."

"लावलाय की."

"कुटं?"

"तुज्या उशाशी."

झुंबरबाईने दिवा उचलून लेकीच्या तोंडासमोर धरला. चांगुणा भलतीकडेच बघत होती. खोलीच अंधारी, त्यामुळे लेकीची नजर कधी गेली ते कुणाला कळलंच नव्हतं. तेवढ्यात चांगुणाचं अंग ताठलं आणि झटके सुरू झाले. भावाने, गोरक्षनाथने, धावत जाऊन जीप आणली. बाळाला घेऊन सगळ्यांनी नगर गाठलं.

डोक्याचा फोटो बघून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "डोळे चांगले आहेत हिचे. रक्तदाब फार चढलाय, त्याने मेंदूला मागच्या बाजूला सूज आलीय. दिसणं तिथेच उमटतं. झटकेही त्यामुळेच. रक्तदाब उतरला की सूज उतरेल, बहुतेक दिसेलही. उशीर केला असतात तर कायमचं गेलं असतं."

झुंबरबाई त्या 'बहुतेक'ला धरून बसली. "म्याच लावली गं गोधडी," एवढंच पुटपुटत राहिली.

"मला लेक कवाच दिसनार न्हाई का?" चांगुणा विचारायची आणि औषधाच्या गुंगीत पुन्हा खाचरात जायची. तिथे तिची गोरीपान लेक बांधावर बसलेली असायची. आता तिला भुवयाही फुटल्या होत्या.

मग एका सकाळी जांभळा उजेड विरला. आधी पांढरं काहीतरी दिसलं, ती चादर होती. मग खिडकी, बाहेरचा लिंब. झुंबरबाईने घाईघाईने बाळ पुढे केलं.

बाळ सावळं होतं, मिचमिच्या डोळ्यांचं. भुवयांचा पत्ता नव्हता.

"ही कोन?" चांगुणा म्हणाली. बांधावरची ती लेक कुठेच नव्हती, आणि तिला रडू कोसळलं.

झुंबरबाईने लेकीच्या कपाळाला हात लावून पाहिला. नजर आली आणि डोकं गेलं की काय!

चांगुणाने डोळे घट्ट मिटले. चाचपडत बाळाच्या नाकावर बोट ठेवलं. मध्ये खळगा होता. मग उजवा कान चाचपला.

"हीच हाय, आये," ती म्हणाली, आणि मग तिने डोळे उघडले.