न चिरडलेलं लिंबू
काल सकाळी शेजाऱ्यांनी शेकोटीत टायर जाळला आणि त्या वासाबरोबर मला माझा दीर आठवला. कापसाला भाव नव्हता त्या वर्षांत आमच्याकडे नवे टायर कोणी घेत नसे. गुळगुळीत झालेल्या टायरवर तापल्या सुरीने नव्या खाचा कापून ते विकत. पौषातली थंडी होती. माझ्या पोटुशी लेकीला घाट उतरून पुसदच्या दवाखान्यात न्यायचं होतं. दिराने जीपला असलेच टायर चढवले आणि कोरे म्हणून गावभर मिरवले. मी खाचेत बोट घातलं आणि नाकाशी नेलं, तर जळक्या रबराचा वास. "वैनी, चौथी शिकल्या तुमी, टायरातलं काय समजते तुमाले?" तो म्हणाला आणि रिवाजाप्रमाणे चाकाखाली लिंबू ठेवून त्याने जीप काढली. अंगण दवाने ओलं होतं. चाक जागीच फिरलं आणि अख्खं लिंबू माझ्या पायाशी येऊन पडलं. ते उचलून मी म्हटलं, "भाऊजी, जो टायर लिंबू दाबत नाही, तो घाट काय धरन?" आणि लेकीला घेऊन सरळ एसटीत बसले. "पाहा, तुमच्याआधी पुसदले पोचतो!" म्हणत तो एकटाच निघाला. घाटाच्या वळणावर जीप नालीत कलंडली होती आणि तो दगडावर बसून एसटीला हात दाखवत होता. गाडी हळू झाली तेव्हा मी खिडकीतून लिंबू त्याच्याकडे फेकलं. "घ्या, तुमचं राह्यलं होतं." तो मरेपर्यंत माझ्याशी बोलला नाही, आणि मला आजही त्याचं वाईट वाटत नाही.