चाळीस मिनिटांची मोटार

बानाबाईला नळ दुरुस्तीला बोलावलं की ती पिशवी खाली ठेवण्याआधी एकच गोष्ट विचारते: टाकी भरल्यावर जास्तीचं पाणी कुठे पडतं? छत्रपती संभाजीनगरच्या पडेगावात ती दहा वर्षं हे काम करते आहे. निम्म्याहून जास्त घरांना या प्रश्नाचं उत्तर देता येत नाही. ज्यांना येत नाही त्यांच्या नळाला ती नंतर हात लावते. आधी गच्चीवर जाते.

बाकी तिची शिकवण साधी आहे आणि ती फुकट देते. ठिबकणारा नळ जोर लावून आवळू नये. त्याने आतला वायसर आणखी चेपतो आणि पुढे आटेही जातात. आधी मागचा कॉक बंद करावा, नळाची मुंडी उघडावी, जुना वायसर काढावा आणि तोच मुठीत घेऊन दुकानात जावं, कारण तोंडी सांगितलेलं माप कधी जुळत नाही. संडासातली फ्लशची टाकी गळते का हे पाहायचं असेल तर तिच्यात चिमूटभर हळद टाकावी आणि अर्धा तास फ्लश ओढू नये. भांड्यात पिवळं उतरलं की टाकीच्या तळाचं रबर गेलं असं समजावं. आट्यांवर पांढरी टेप गुंडाळायची ती जोड ज्या दिशेने आवळतो त्याच दिशेने. उलटी गुंडाळली तर बसवतानाच उसवते.

"कुणालाबी जमतंय हे," ती म्हणते. "पर लोकांला नळ बघण्यापरीस चोर धरणं सोपं वाटतं."

हे ती उगाच म्हणत नाही. २०१३ सालच्या मे महिन्यात एका बिल्डिंगच्या सूचना फळ्यावर चोर म्हणून तिचं नाव नऊ दिवस लागलेलं होतं.

बानाबाईचं सासर लासूर स्टेशनपासून कोसभरावर. घर मेंढपाळांचं. २०१२ साली पाऊस झाला नाही आणि दिवाळीच्या आत तिच्या नवऱ्याने, हनुमानने, आपल्या वाट्याची साठ मेंढरं विकली. धाकटा दीर मुंजाबा कळप घेऊन चाऱ्याच्या मागे हिंडत राहिला. हनुमान आणि बानाबाई मुलीला घेऊन पडेगावात आले. चार मजल्यांची, बारा फ्लॅटची बिल्डिंग होती. हनुमानला वॉचमनची नोकरी मिळाली आणि राहायला जिन्याखालची खोली. नोकरी गेली की खोलीही जाणार, असा तो सौदा होता.

सोसायटीचे अध्यक्ष अनंतराव पहिल्या मजल्यावर राहत. सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते, नुकतेच निवृत्त झाले होते. अक्षर अतिशय सुरेख. मोटारीच्या बटणाशेजारी त्यांनी स्वतःच्या हाताने लिहून तक्ता चिकटवला होता. जमिनीतल्या हौदातलं पाणी गच्चीवरच्या टाकीत चढवायचं, सकाळी सात ते सात चाळीस, संध्याकाळी सहा ते सहा चाळीस. खाली लाल शाईत, वेळेत बदल करू नये.

हनुमानने एकदा बदल केला. टाकी भरली असावी असं वाटून अर्ध्या तासातच मोटार बंद केली. अनंतराव खाली आले. "तक्ता वाचता येतो ना? मग लिहिलंय तेवढंच करायचं." टाकी खरंच भरली होती का, हे पाहायला हनुमान वर जाऊ शकत नव्हता. गच्चीची किल्ली अनंतरावांच्या घरात खिळ्याला टांगलेली असे आणि वॉचमनच्या माणसांना ती द्यायची नाही, असा सोसायटीचा ठराव होता. कारण लिहिलेलं नव्हतं.

जानेवारीत बोअर आटली. महापालिकेच्या नळाला पाणी कधी सहाव्या दिवशी येई, कधी आठव्या, आणि तेही हौदाचा तळ ओला करण्यापुरतं. फेब्रुवारीपासून रोज बारा हजार लिटरचा टँकर सुरू झाला. लोकांनी पाणी जपायला सुरुवात केली, आणि ती मनापासून केली हे मान्य करायला हवं. अनंतरावांच्या पत्नी भानुमती भाजी धुतलेलं पाणी तुळशीला घालत. तिसऱ्या मजल्यावरचा श्रीरंग वाळूजच्या एका कंपनीत इंजिनिअर होता. त्याने घरातले सगळे शॉवर काढून टाकले. बिल्डिंगचा वापर निम्म्यावर आला. टँकर मात्र रोज एक लागतच होता.

इथे कुणीतरी कागद घेऊन बसायला हवं होतं. बिल्डिंगमध्ये दोन इंजिनिअर होते, एक गणिताचे मास्तर होते आणि तीस वर्षं सरकारी नोंदी ठेवलेला अध्यक्ष होता. कुणीही बसलं नाही. वापर निम्मा आणि टँकर तेवढाच, म्हणजे कुणीतरी पाणी पळवतंय, एवढंच सगळ्यांनी ठरवलं. कोण, हे ठरवायला पुरावा लागत होता. तो अकरा मेच्या सकाळी मिळाला.

मुंजाबा कळप घेऊन दौलताबादच्या रस्त्याने आला होता आणि बिल्डिंगमागच्या कोरड्या नाल्यात दोन दिवस उतरला होता. भिंतीतून नाल्यात उघडणारा एक जाड पाईप होता, गच्चीवरचं पावसाचं पाणी बाहेर सोडणारा. त्या पाईपाच्या तोंडाशी त्याची मेंढरं पाणी पीत होती. श्रीरंगने गॅलरीतून पाहिलं आणि मोबाईलवर फोटो काढला. मेंढरं कुणाची हे कळायला वेळ लागला नाही. मुंजाबा आदल्या संध्याकाळी वहिनीकडे भाकरी खाऊन गेला होता.

बारा तारखेला फळ्यावर कागद लागला.

"वॉचमन हनुमान व त्याची पत्नी बानाबाई हे सोसायटीचे पाणी नातेवाईकांच्या जनावरांस देत असल्याचे निदर्शनास आले आहे. दोघांनी ३१ मेपर्यंत खोली रिकामी करावी."

बानाबाई चौथी शिकलेली. तिने तो दोनदा वाचला, मग नाल्यावर गेली.

"मुंजाबा भाऊजी, पाणी तुम्हाला कुणी सोडलं?"

"मला वाटलं तुम्हीच सोडलं, वयनी," मुंजाबा म्हणाला. "सकाळी येतंय, संध्याकाळी येतंय. म्या म्हनलं, शहराची तऱ्हा आसंल."

"मे महिन्यात पावसाच्या पाईपातून?"

"मी मेंढरं राखतो, वयनी. पाईप नाय राखीत."

त्या दिवशी त्याने कळप हलवला. पाणी यायचं थांबलं नाही. बानाबाई सकाळ-संध्याकाळ भिंतीच्या सावलीला बसून पाईपाकडे पाहू लागली. चौथ्या दिवशी तिच्या लक्षात आलं की भिंतीपलीकडे मोटारीचा आवाज सुरू झाल्यावर थोड्या वेळाने पाणी येतं, आणि आवाज थांबला की तेही थांबतं. हनुमानने हे अनंतरावांना सांगितलं. "तो पावसाचा पाईप आहे," ते म्हणाले. "त्याचा मोटारीशी संबंध काय?" गच्चीची किल्ली मागितली, ती मिळाली नाही. पुन्हा मागितली. "चोरीचा आरोप आहे तुमच्यावर, आणि किल्ली तुम्हालाच द्यायची?"

वीस तारखेला सकाळी सात वाजता मोटार लागली नाही. सात वाजून दहा मिनिटांनी अनंतराव खाली आले. मागोमाग श्रीरंग, खांद्यावर टॉवेल घेऊन. मोटारीसमोर हनुमान उभा होता, त्याच्यापुढे बानाबाई.

"मोटार का बंद आहे?"

"लावू की, काका. आधी तुम्ही घड्याळ घेऊन नाल्यावर चला."

"हा कसला तमाशा?"

"तुमच्या तक्त्यात चाळीस मिनिटं हायत. तेवढीच मागते."

"लोकांना ऑफिसला जायचंय, बानाबाई," श्रीरंग म्हणाला.

"मलाबी एकतीस तारखेला जायचंय. चला."

ते गेले, कारण वर नळांना पाणी हवं होतं. श्रीरंगने भिंतीवरून हाक दिली आणि हनुमानने बटण दाबलं तेव्हा सात वीस झाले होते. पाईप कोरडा होता. अनंतराव मनगटाकडे बघत उभे राहिले. सात सदतीसला पाईपातून धार सुरू झाली. आधी बोटाएवढी, मग मनगटाएवढी. आठ वाजता मोटार बंद झाली आणि दोन मिनिटांत धार तुटली.

टाकी सतरा मिनिटांत भरत होती. उरलेली तेवीस मिनिटं पाणी टाकीतून नाल्यात जात होतं. पूर्वी लोक सढळ हाताने वापरत तेव्हा टाकी रिकामी होई आणि चाळीस मिनिटं पुरी लागत. लोकांनी वापर कमी केला तशी टाकी लवकर भरू लागली. तक्ता तसाच राहिला. भानुमतींनी तुळशीसाठी वाचवलेलं आणि श्रीरंगने शॉवर काढून वाचवलेलं सगळं पाणी दिवसातून दोनदा नाल्यात ओतलं जात होतं. लोक जितकं वापरत होते, त्याहून जास्त. त्या वर्षी जिल्ह्यात बाया एका हंड्यासाठी दोन-दोन कोस चालत होत्या.

या वेळी श्रीरंगने फोटो काढला नाही.

किल्ली मिळाली. वर गेल्यावर दिसलं की टाकीच्या ओव्हरफ्लोचा पाईप बिल्डरने पावसाच्या पाईपात घुसवून सिमेंटने नीट लिंपून टाकला होता. बाहेरच्या भिंतीवर ओघळाचे डाग पडू नयेत म्हणून. भिंत स्वच्छ दिसावी यासाठी टाकी भरल्याची एकमेव खूण बुजवलेली होती. टाकीपाशी तीन वर्षांत कुणी फिरकलं नव्हतं.

प्लंबरला फोन केला, तो आठ दिवसांनी येणार होता. बानाबाईने सुतळीने पाईपाची गोलाई मोजली आणि ती शहागंजच्या बाजारात गेली. दुकानदाराने सुतळी पाहिली, मग तिच्याकडे. "मिस्त्री किधर है?"

"मीच हाय मिस्त्री. एल्बो दे, ब्लेड दे. नि चिकटवायचं सोल्युशन."

पाईप कापणं अवघड नाही. आधी तुकडा हाताने धरून माप घ्यायचं, दोऱ्याने गोल खूण करायची, खुणेवरून पातं सरळ चालवायचं. कापलेल्या कडेचा भुसा पुसायचा, दोन्ही बाजूंना सोल्युशन लावायचं, पाव वळसा फिरवत बसवायचं आणि मनात तीसपर्यंत मोजेस्तोवर हात काढायचा नाही. हनुमानने पाईप धरला, तिने कापला. एल्बोने, म्हणजे काटकोनी जोडाने, वळवून तिने तो कठड्याबाहेर काढला. पाणी आता पहिल्या मजल्याच्या गॅलरीसमोरून सरळ खाली पडणार होतं.

"माझ्याच गॅलरीसमोर का?" अनंतरावांनी विचारलं.

"सकाळी बाकीचे कामाच्या घाईत असत्यात. तुम्ही पेपर घेऊन तिथंच बसता. पाणी दिसलं की हाक मारा, मोटार बंद होईल."

दुसऱ्याच दिवशी टँकर एक दिवसाआड झाला.

आणि एकवीस तारखेला जुना कागद निघून फळ्यावर नवा लागला. "पाण्याच्या टाकीतील तांत्रिक दोष दूर करण्यात आला आहे. खोली रिकामी करण्याबाबतची सूचना रद्द समजावी. सभासदांच्या सहकार्याबद्दल आभार."

बानाबाई तो वाचून पहिल्या मजल्यावर गेली. दार भानुमतींनी उघडलं, अनंतराव मागे उभे होते.

"काका, ह्यात मी कुठं हाय?"

"अहो, सूचना रद्द झाली. विषय संपला."

"चोरीत तर माझं नाव होतं."

"असं प्रत्येकाचं नाव लिहीत बसायचं नसतं."

"तवा लिहिलं की."

भानुमतींनी टेबलावरचं पेन उचलून अनंतरावांच्या हातात दिलं. "लिहा," त्या म्हणाल्या. "अक्षर चांगलं आहे तुमचं."

नवा कागद त्याच दिवशी दुपारी लागला. हनुमान व बानाबाई यांनी पाणी चोरलेले नाही. मोटारीची वेळ मी ठरवली होती व ती चुकीची होती. दोष बानाबाईंनी शोधला व दुरुस्त केला. खाली सही, अध्यक्ष.

"हा किती दिवस ठेवायचा?" अनंतरावांनी विचारलं.

"पहिला होता तेवढे. नऊ."

बारापैकी अकरा घरांतून कुणी तिच्याशी या विषयावर शब्द काढला नाही. श्रीरंग जिन्यात भेटला की मोबाईल काढून बघत जाई. त्याने तो फोटो ज्यांना ज्यांना पाठवला होता, त्यांना दुसरं काही पाठवल्याचं कुणाच्या ऐकिवात नाही. महिनाभरात मात्र त्याच्या बायकोने न्हाणीघरातला ठिबकणारा नळ दाखवायला बानाबाईला वर बोलावलं. तिच्या धंद्यातलं ते पहिलं काम. तिने नळ दुरुस्त केला आणि चहा नको म्हणाली.

तीस तारखेला सकाळी तिने फळ्यावरचा कागद टाचण्या न हरवता काढला, चार घड्या घातल्या आणि अनंतरावांच्या हातात दिला.

"पहिला तुमच्या फाईलीत हाय ना?"

"आहे."

"मग हा त्याच्यावर लावा."

ते आत गेले, फाईल घेऊन दारात आले, आणि त्यांनी तो लावेपर्यंत ती तिथून हलली नाही.