माझ्या माणसांना कबर नव्हती

ईस्टरच्या पहाटे आमची मंडळी चर्चमध्ये जात नसे, आधी कबरस्तानात जाई. तंजावरच्या आमच्या लुथरन लोकांची ही रीत. उजाडायच्या आत जो तो आपल्या माणसाच्या कबरीवर मेणबत्ती लावून उभा राहायचा. पाळक मधल्या वाटेवरून मोठ्याने सांगायचे, प्रभू उठला आहे. की कोपऱ्याकोपऱ्यातून, कबरीकबरीपासून उत्तर यायचं, खरोखर उठला आहे. ऐकून अंगावर काटा यायचा. माझी पंचाईत एवढीच, की आपण उभं राहायचं कुठं?

सासऱ्यांची कबर होती, तिथे उभी राहायचे. त्या गृहस्थांना मी कधी पाहिलंसुद्धा नव्हतं. भिंतीवरचा फोटो काय तो ओळखीचा, आणि त्यातही ते माझ्याकडे रागानेच बघत असायचे. आजूबाजूला बायका आपल्या आईच्या, बापाच्या, लेकराच्या दगडावर हात फिरवून हुंदके द्यायच्या. मी आपली मेणबत्ती विझू नये म्हणून पदर आडवा धरून उभी. दुसऱ्याच्या घरी पाहुणी म्हणून श्राद्धाचं जेवावं, तसं वाटायचं.

माझं माहेर त्याच गावात, राजवाड्याच्या पश्चिमेला, सायकलने जेमतेम पाव तास. आमचे पूर्वज मराठा राजांच्या वेळी मराठी मुलखातून आले आणि इथलेच होऊन गेले. घरात मराठी, दाराबाहेर तमिळ, भांडण दोन्हीतून. मी मिशनच्या मुलींच्या शाळेत शिकले, तिथेच शिकवायला लागले, आणि मुलांच्या शाळेतल्या गणिताच्या मास्तरांशी लग्न केलं. लग्नाआधी बाप्तिस्मा घेतला. मला कुणी फूस लावली नव्हती, कुणी काही देऊ केलं नव्हतं. हे सांगून सांगून तेव्हा तोंड दुखलं, आता पुन्हा सांगत बसत नाही.

वडिलांनी माझ्या नावाने अंघोळ केली. लोक हे रागाच्या भरात नुसतं म्हणतात हो, पण आमच्या वडिलांचं काम चोख. आषाढात कावेरीला पाणी चढलं तसे सगळ्यांना बसमध्ये घालून तिरुवैयारुच्या घाटावर घेऊन गेले. भटजींनी घट फोडला, आणि घरातल्या प्रत्येकाने मेलेल्या माणसाच्या नावाने मारावी तशी बुडी मारली. वडील, धाकटा भाऊ, काका, आणि आई. मी त्याच वेळी शाळेत सातवीच्या मुलींना भूगोल शिकवत होते. संध्याकाळी कुणीतरी येऊन सांगितलं. मी म्हटलं, बरं झालं, सुटले. आणि मग रात्री भात गिळवेना.

वडिलांचं मला काही वाटलं नाही. ते तसेच होते. काकांचं तर मुळीच नाही. पण आईने बुडी मारली असेल, हे काही डोक्यातून जाईना. आई, जी मला ताप आला की देव पाण्यात ठेवायची, ती माझ्या नावाने पाण्यात उतरली आणि डोकं बुडवून वर आली? बुडवताना तिच्या मनात काय आलं असेल? विचारायची सोय नव्हती. मेलेल्या माणसाने कुणाला काय विचारायचं?

सासरी मला कुणी छळलं नाही. सासूबाई, त्यांना मी अत्तै म्हणे, कमी बोलणारी बाई. नवरा भला. पण भल्या माणसाशी मराठीत बोलता येत नाही, हे कुणी सांगितलं नव्हतं. प्रार्थना तमिळमध्ये, गाणी तमिळमध्ये, रुसवे-फुगवेसुद्धा तमिळमध्ये. मराठी उरली ती मांजराशी. ते दुधात तोंड घालायचं, मी म्हणायचे, मेल्या, तुझं डोकं फोडीन. ते मांजर शेवटी शेवटी मराठी चांगलं समजू लागलं होतं. देवनागरी मी पुढे फार उशिरा, हट्टाने शिकले, नाहीतर हेही लिहिता आलं नसतं.

झावळ्यांचा रविवार मला सगळ्यांत जड जायचा. नारळाच्या कोवळ्या पिवळ्या पात्या हातात घेऊन, गाणी म्हणत आमची मिरवणूक चर्चमधून निघून गावात फिरायची, आणि तिची वाट नेमकी आमच्या माहेरच्या गल्लीतून. पुढे नवरा, गाणाऱ्यांचा म्होरक्या, मागे पुरुष, मग बायका. आमचं दार बंद असायचं. आम्ही पुढे गेलो की मागे दार उघडायचं आणि रस्त्यावर बदाबदा पाणी ओतल्याचा आवाज यायचा. शिवाशिव धुऊन काढायला. मी वळून बघत नसे. गाण्याचा आवाज मात्र मुद्दाम चढवायचे, बायका म्हणायच्या, काय हिची भक्ती. डोंबलाची भक्ती. दाराआड आई असेल तर तिला ऐकू जावं, दुसरं काही नाही. पाणी कोण ओततं ते मला कधी कळलं नाही, पण घरात पाण्याची कामं आईचीच होती.

मध्ये वडील गेले. तेही मला चार दिवसांनी कळलं. दार तरीही उघडलं नाही.

हिंदीविरोधी मोर्च्यांनी शाळा बंद पडल्या, त्यानंतरच्या उन्हाळ्यातली गोष्ट. त्या झावळ्यांच्या रविवारी आम्ही गल्लीतून गेलो आणि मागे पाण्याचा आवाज आला नाही. मी थोडं पुढे जाऊन कान दिला. नाहीच. दिवसभर मी खुशीत होते. संध्याकाळी नवऱ्यासाठी गोड केलं. त्याने विचारलं, आज काय आहे? मी म्हटलं, काही नाही, असंच.

गुरुवारी संध्याकाळी प्रभुभोजनाला निघताना मी कोपऱ्यावर फूल घ्यायला थांबले. फूलवाली दोन्हीकडच्या गल्ल्यांत फिरणारी. तिने गजरा मोजून दिला आणि म्हणाली, काय ग, आईचे दिवस चालू आहेत आणि तू फूल घेतेस? मला वाटलं, दुसऱ्या कुणाबद्दल बोलते आहे. मग तिने नीट सांगितलं. मागच्या शुक्रवारी, छातीत कळ येऊन. म्हणजे रविवारी मी हातात झावळी घेऊन, मोठमोठ्याने गात त्या दारावरून गेले, तेव्हा आत तिसरा दिवस चालू होता. सुतकातल्या घराने रस्ता धुवायचा कशाला? आणि मी गोड केलं होतं.

गजरा तिथेच तिच्या टोपलीत टाकला आणि चर्चमध्ये गेले. दुसरं जाणार कुठं?

दुसऱ्या दिवशी मोठा शुक्रवार. आमच्यात त्या दिवशी सगळ्या बायका पांढरी साडी नेसतात, वेदीवर काळं कापड असतं, घंटा वाजत नाही. भर दुपारी तीन तास उपासना चालते, वधस्तंभावरून प्रभूने उच्चारलेल्या सात वचनांवर सात प्रवचनं. आम्ही चटईवर बसलेल्या, पोटात सकाळपासून पाण्याशिवाय काही नाही. तिसऱ्या वचनात प्रभू आपल्या आईला शिष्याच्या हवाली करतो. तिथे माझा बांध फुटला. रडू म्हणजे किती, थांबेचना. शेजारची म्हातारी पाठीवरून हात फिरवत राहिली. बाहेर कांजी, म्हणजे आपली पेज, पिताना ती दुसरीला सांगत होती, बघा, जन्माने आपली नाही, पण प्रभूसाठी रडावं तर हिने. मी कांजी पीत राहिले. सगळ्या वर्षात हा एकच दिवस असा, की पांढऱ्या साडीत बसून ढसाढसा रडलं तरी कुणी कारण विचारत नाही. त्या बाबतीत आईने दिवस चांगला गाठून दिला म्हणायचा.

रात्री नवऱ्याला सांगितलं. तो फार हळहळला, आणि म्हणाला, तुला काय करावंसं वाटतं ते कर. हे त्याचं नेहमीचं. मला काय करावंसं वाटत होतं हेच तर मला ठाऊक नव्हतं. दहावा दिवस रविवारी पडत होता. नेमका ईस्टरला. भाऊ दहाव्याला घाटावर येणार हे नक्की. तो तेव्हा ओरत्तनाडुच्या सरकारी कचेरीत होता, लग्नानंतर मी त्याचं तोंड पाहिलेलं नव्हतं. तिथे जाऊन उभी राहिले आणि भटजीने हाकललं तर? आणि ईस्टरच्या दिवशी, गायक मंडळीच्या मास्तरांची बायको प्रभुभोजन सोडून हिंदूंच्या दहाव्याला गेली, हे मंडळीत कळलं तर? तिकडे मी मेलेली आणि इकडे संशयातली. छान होतं सगळं.

शनिवारी अत्तैबरोबर कबरीला चुना लावायला गेले. त्या गवत उपटत होत्या, मी कुंचला फिरवत होते. चुना लावून झाल्यावर लहानपणची सवय, हाताशी उरलेली चुन्याची भुकटी चिमटीत धरून मी कबरीच्या पायथ्याशी जमिनीवर रांगोळी घालायला लागले. आई तुळशीपुढे काढायची ती. अर्धी झाल्यावर भानावर आले. शेजारच्या कबरींवरच्या बायका काम सोडून बघत होत्या. ईस्टरच्या आदल्या दिवशी कबरस्तानात रांगोळी! मी पायाने पुसायला गेले, तर अत्तैंनी माझा हात धरला. त्यांनी विचारलं, "कुणासाठी घालत होतीस?"

मी सांगून टाकलं. आई गेली, उद्या दहावा, तिला कबर नाही, माझ्या कुठल्याच माणसाला कबर नाही.

अत्तैंनी आणखी मूठभर गवत उपटलं. मग माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "माझ्या नवऱ्यापाशी मी उभी राहीन. तू तुझ्या आईपाशी जा."

आणि बायका बघत होत्या तरी रांगोळी त्यांनी पुसू दिली नाही.

ईस्टरच्या पहाटे सगळे मेणबत्त्या घेऊन कबरस्तानाकडे निघाले आणि मी एकटी बस-स्टँडवर. तिरुवैयारुला जाताना पाच पूल लागतात, पाच नद्यांवरचे. पावसाळ्यात बघावं तिकडे पाणी. त्या दिवसांत मात्र पाचही कोरड्या, वर धरणाचं पाणी सोडलं नाही तोवर नुसती वाळू. तिसऱ्या पुलावर उजाडलं. आता ते उत्तर देत असतील, असं मनात आलं. बसमध्ये एक भाजीवाली आणि मी. मी हळूच म्हटलं, खरोखर उठला आहे. भाजीवालीने टोपली जवळ ओढून घेतली.

घाटाच्या पायऱ्या उतरून लोक खाली वाळूतच विधी करत होते. वाळूत खड्डे खणलेले, त्यात झिरपून येईल तेवढंच पाणी. भावाला मी पाठीवरूनच ओळखलं. डोकं भादरलेलं, पाठ अगदी वडिलांसारखी. मी शेवटच्या पायरीवर उभी राहिले. शुक्रवारचीच पांढरी साडी, कपाळ मोकळं. भटजीने एकदा वर पाहिलं आणि पुन्हा मंत्राला लागला. त्याला वाटलं असेल, कुणी विधवा आपली पाळी येण्याची वाट बघते आहे.

सगळं आटोपल्यावर भटजी पंचा झटकत वर गेला. भाऊ तांब्या घेऊन वळला, आणि मला पाहून थांबला. मी तोंडात शब्द जुळवत होते. मराठीत काय म्हणतात अशा वेळी, तेच आठवेना. तो दोन पावलांवर, वाळूत उभा, नाकाचा शेंडा लाल.

म्हणाला, "अक्का."

कितीतरी वर्षांनी मला कुणी अक्का म्हणत होतं. मी तिथेच पायरीवर बसले. जे विचारायला इतकी वर्षं घालवली तेच तोंडातून आलं. त्या दिवशी आईने पण बुडी मारली का रे?

त्याने तांब्या या हातातून त्या हातात घेतला.

"आई गळ्यापर्यंत उतरली. डोकं भिजवलं नाही. अप्पा ओरडले, भटजी ओरडले. म्हणाली, माझा कान दुखतो. तशीच कोरड्या डोक्याने बाहेर आली, आणि घरी येईपर्यंत कुणाशी बोलली नाही."

आईचा कान जन्मात कधी दुखला नव्हता. दिवाळीला पहाटे थंड पाण्याने न्हाणारी बाई ती. मला हसू फुटलं, आणि त्याच हसण्यात रडूही आलं, आणि भाऊ घाबरून मला धरायला आला, आणि शिवू की नको म्हणून मध्येच थांबला. दहाव्याची अंघोळ झालेली त्याची. मी म्हटलं, राहू दे रे, तिथेच थांब, मला काही होत नाही.

मग मी उठले आणि त्याच्याकडे तांब्या मागितला. त्याने विचारलं, तुमच्यात हे चालतं का? मी म्हटलं, मला ठाऊक नाही. त्याने तांब्या वाळूवर ठेवला आणि मागे सरकला. मी उचलला.

खड्ड्यात पाणी सावकाश येतं. घाई केली की वाळूच येते. मी बसून राहिले, आणि तांब्या भरल्यावर अंबाडा सोडून तो डोक्यावर रिकामा केला. पाणी थंडगार होतं. आईने माझ्या नावाने डोकं भिजवलं नव्हतं, म्हणजे मी मेलेली नव्हते, आणि जिवंत लेकीने आईसाठी करायचं असतं ते मला करता आलं.

घरी पोचले तेव्हा चर्च सुटून घरची मंडळी जेवायला बसली होती. अत्तैंनी माझ्या ओल्या केसांकडे पाहिलं, ताटावरून उठल्या आणि टॉवेल आणून दिला.