भाऊजींचं जाड दार

वाळू रगडून एक वेळ तेल निघेल, पण माझ्या नणंदेच्या यजमानांच्या तोंडून आमटीत मीठ कमी आहे, एवढंसुद्धा कधी निघालं नाही. भाऊजी संरक्षण खात्याच्या कारखान्यात होते. तिथलं बाहेर बोलायचं नाही, हा तिथला नियम. पण भाऊजींनी तो डोंबिवलीच्या घरी आणून भाजीपासून जावयापर्यंत सगळ्यांना लावला. पिशवीतून शेवग्याच्या शेंगा हातभर बाहेर आलेल्या असत, आणि काय आणलंत विचारलं तर, "वहिनी, ते सांगता यायचं नाही." मी तेव्हा नवी नवरी, अक्कल बेताची आणि चौकसपणा उतू जाणारा. त्यांना बोलतं करायला मी पुरणपोळ्यांवर तुपाची धार धरून बसले. त्यांनी पोळ्या संपवल्या, हात धुतले आणि सुपारी घेऊन घरी गेले. मग मीच शेजारणींना सांगून टाकलं, की भाऊजी रॉकेट बनवतात. दिवाळीत एक जण त्यांच्याकडे विचारायला गेली, डझनाला काही कमी होईल का!

त्यांच्या निवृत्तीला थोडे महिने उरलेले, तेव्हा कारखान्यात स्फोट झाला आणि त्यांच्या हाताखालचा खडवलीचा एक माणूस गेला. गावात उठलं, त्यानं आत विडी पेटवली म्हणून. मृत्यूची चौकशी ठाण्याला होती. नणंदेचे गुडघे धरलेले, म्हणून भाऊजींच्या सोबतीला मी.

चौकशी करणाऱ्या मॅडमनी विचारलं, "तुम्ही कुठे काम करता?"

भाऊजी म्हणाले, "ते सांगता यायचं नाही."

"अहो, तुमच्या कारखान्यानंच पाठवलंय तुम्हाला!"

तेवढ्यात कारखान्याचे अधिकारी उठले. "मॅडम, त्या खोलीत काय होतं, हा देशाच्या सुरक्षेचा प्रश्न आहे."

"बरं, खोली राहू दे. दार कुणी लावलं?"

"दारही त्याच खोलीचं आहे, मॅडम."

मृताची बायको उभी राहिली. "मला तुमचं दार नको न् खोली नको. माझ्या माणसाची चूक होती का, तेवढं सांगा. पोरांना शाळेत चिडवतात, बाई."

मग भाऊजी आणि ते अधिकारी आत राहिले, आम्हा सगळ्यांना बाहेर काढलं. बाकावर ती आणि मी. मला काही उमजेना. माणूस हिचा गेला आणि बाहेर हिलाच बसवलं, हे कुठलं शहाणपण? पण आतलं भलत्याच्या कानी गेलं आणि उद्या आणखी कुणाचा नवरा गेला तर? तेही पटत होतं. दोन्ही पटलं की डोकं फार दुखतं.

बऱ्याच वेळानं आत बोलावलं. मॅडम म्हणाल्या, "खोलीतलं माझ्यापाशी बंद राहील. दाराबद्दल बोला."

भाऊजी मृताच्या बायकोकडे वळले. "ताई, विडीबिडी काही नव्हती. बिघाड झाला, तो तुमच्या माणसामुळे नव्हे. त्यानं मला बाहेर ढकललं आणि आतून दार ओढून घेतलं. म्हणून मी आहे." इतकी वाक्यं मी त्यांच्या तोंडून एका दमात कधी ऐकली नव्हती. मॅडमनी ती जशीच्या तशी लिहून घ्यायला लावली.

बाहेर आल्यावर तिनं भाऊजींना हळूच विचारलं, "आतून हाक मारली का हो त्यांनी?"

"दार जाड होतं, ताई," भाऊजी म्हणाले.

तिनं पदरानं डोळे टिपले, मान हलवली आणि गेली. परतताना शीळफाट्याला आमची बस कितीतरी वेळ अडकली होती. भाऊजी खिडकीबाहेर बघत होते. दार खरंच एवढं जाड होतं का, हे अगदी ओठांवर आलं होतं माझ्या. आता भाऊजीही नाहीत. तेव्हा विचारलं नाही, तेच बरं केलं की काय, अजून ठरत नाही.