दाराआडून सांगितलेलं दुखणं

दुष्काळाच्या वर्षी मी देवळाली प्रवऱ्याला प्राथमिक शाळेत शिकवत होते. भाड्याच्या खोलीत एकटीच राहायचे. चर्च लांब, म्हणून आम्ही पाच ख्रिस्ती माणसं रविवारी दुपारी साखर कारखान्यातल्या एका फिटरच्या घरी जमायचो. तो, त्याची बायको, निवृत्त नर्सबाई, मजुरी करणारी एक विधवा आणि मी. पवित्र शास्त्रातला, म्हणजे बायबलमधला, उतारा वाचायचा, मग एकमेकांसाठी प्रार्थना. माझ्यासाठी मात्र मी कधी काही मागितलं नव्हतं.

एका सकाळी वर्गात खोकला आला आणि रुमालावर रक्त दिसलं. माझ्या थोरल्या बहिणीचं असंच सुरू झालं होतं. ती वाचली नाही. नोकरी जाईल, खोली जाईल, माणसं तोंड फिरवतील, या भीतीनं मी रुमाल चुलीत घातला. मुलांना जवळ घेईना. रविवारी जाणंही सोडलं.

तिसऱ्या रविवारी दार वाजलं. बाहेर चौघांचेही आवाज होते.

"बाई, आमचं काही चुकलं का?" फिटरची बायको विचारत होती.

"नाही हो. डोकं दुखतंय. तुम्ही जा." मी कडी काढली नाही.

तेवढ्यात उबळ आली. थांबता थांबेना.

"किती दिवस झाले या खोकल्याला?" नर्सबाईंनी विचारलं.

मला रडू फुटलं. दाराआडूनच सगळं सांगून टाकलं. आता सगळे निघून जातील, असं वाटून मी दाराला कान लावला.

"दार उघडा, बाई," मजुरीवाली म्हणाली. "आमी कुटं जात न्हाई."

मी कडी काढली. त्या दुपारी अंगणात बसून चौघांनी माझं नाव घेऊन प्रार्थना केली. दुसऱ्या दिवशी नर्सबाई मला नगरला दवाखान्यात घेऊन गेल्या. वाटेत खूप रागावल्या. "वर्गात पोरं होती, बाई. तीन आठवडे लपवलंत!" छातीचा फोटो काढला. क्षयच निघाला. पुढे मुलांचीही तपासणी झाली. ती होईपर्यंत मला घास गिळवत नव्हता. सगळी धड निघाली.

मी लांब रजा घेतली. नर्सबाई रोज येऊन इंजेक्शन द्यायच्या. रविवारची बैठक माझ्या अंगणात भरू लागली. तरी प्रत्येक खोकल्याला छातीत धस्स व्हायचं. बरी व्हायला दीड वर्ष लागलं.

त्या अंगणातच एकदा मजुरीवाली खाली बघत म्हणाली, "माझा ल्योक कामाला म्हणून गेला, त्याचं वरीसभर पत्र न्हाई. लई भ्या वाटतं." इतक्या रविवारांत तिनं हे कधी सांगितलं नव्हतं. मी सरकून तिच्याजवळ बसले.