हिरव्या काठाचा पंचा

पंचेवाले गुरुजी कधी कुणाच्या हातात वस्तू देत नसत. खडू असो, हजेरीपट असो, नाहीतर दसऱ्याचं सोनं असो, ते समोर ठेवायचे आणि दोन पावलं मागे सरायचे. मला आधी वाटलं, काय नम्र माणूस आहे! नम्रता कसली डोंबलाची. त्यांच्या हातून वस्तू घेतली तर घेणाऱ्याला घरी जाऊन आंघोळ करावी लागायची, एवढं साधं होतं ते. मी कोकणातली म्हणून कुणी वेगळी होते असं नाही. त्यांनी ठेवलं की मी उचलायची, आणि त्यात काही खटकतंय असं मला दोन वर्षं वाटलंसुद्धा नाही.

आष्टीच्या पलीकडच्या एका गावात मी मास्तरीण म्हणून गेले. गावाचं नाव सांगत नाही, त्या घरांतली नातवंडं अजून तिथं नांदतात. आमच्या लेखी तो परदेशच होता. तेव्हा राज्य दुसरं, राजधानी नागपूर, आणि बोली अशी की पहिला महिना मी नुसती मान डोलवत होते. निघताना आईनं बजावलं होतं, "परक्या मुलखात साहेबाला धरून राहा गं. सणावाराला रिकाम्या हातानं जाऊ नकोस." म्हणून पहिल्या दिवाळीला मी हेडमास्तरांना घरची आमसुलं दिली. त्यांनी पुडी उघडली, चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं. "ह्या काळ्या साली काऊन आणल्या, बाई?" दोघे मास्तर खो खो हसले. मेले! मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

शाळा सुटल्यावर गुरुजी दारापासून चार हात लांब उभे राहून म्हणाले, "बाई, देणाऱ्यानं देऊन मोकळं व्हावं. पुढं त्या वस्तूचं काय होते, ते पाहाले जाऊ नये."

हे ते स्वतःच्या अनुभवावरून सांगत होते. त्यांचे वडील घरच्या मागावर जाडेभरडे पंचे विणायचे. दर दसऱ्याला गुरुजी शाळेतल्या आम्हा चौघांसाठी, म्हणजे हेडमास्तर, दोन मास्तर आणि मी, एकेक पंचा आणून टेबलावर ठेवत. कोरं कापड, पाणी शिंपडलं की चालायचं. हेडमास्तर त्या पंच्यानं सायकल पुसायचे, तीही गुरुजींच्या डोळ्यांदेखत. मी एकदा न राहवून गुरुजींना विचारलं, तर म्हणाले, "कपडा कामी येऊन राह्यला, बस झालं." माझा पंचा कुठं होता म्हणता? चुलीपाशी, तापलेली भांडी उतरवायला. वर मी शहाणी त्यांना म्हणाले, "काठ लाल नसून हिरवा असता, तर किती छान दिसला असता!" गुरुजींनी गंभीरपणे मान हलवली. "सांगतो बाबाले."

त्यांची नोकरी अजून कायम झालेली नव्हती. माझीही नव्हती. दोघांचेही शेरे दिवाळीनंतर हेडमास्तरांच्या हातून वर जायचे होते. विषय काढला की हेडमास्तर चष्मा पुसत म्हणत, "पाहू, पाहू." हा माणूस कधी आवाज चढवून बोलला नाही. पण ते 'पाहू' ऐकलं की मी दुसऱ्या दिवशी शाळेत अर्धा तास आधी हजर व्हायची.

छप्पन सालच्या दसऱ्याला सोनं आलं नाही आणि पंचेही आले नाहीत. गुरुजी वडिलांना घेऊन नागपूरला दीक्षेला गेले होते. परत आले ते पांढऱ्याशुभ्र कपड्यांत. चेहरा असा, की मी त्यांना पहिल्यांदाच पाहते आहे असं वाटलं. हेडमास्तरांनी नुसता चष्मा पुसला. दुसऱ्या दिवशी खिडकीतला गुरुजींचा वेगळा तांब्या अंगणात चेपलेला सापडला. त्याच आठवड्यात दुकानदारानं त्यांना सामान देणं बंद केलं. आणि एका सकाळी बाप-लेक उठून पाहतात, तर मागावर चढवलेला ताणा, सगळेच्या सगळे उभे दोरे, मधोमध कापलेले. कोणी कापले ते कुणीच विचारलं नाही. मीही नाही. मी संध्याकाळी दाराला कडी दोनदा लावून बघायला लागले.

म्हाताऱ्यानं ते दोरे एकेक करून गाठी मारून जोडले आणि चार पंचे विणलेच. दिवाळीच्या सुट्टीआधीच्या दिवशी गुरुजी ते घेऊन आले. हेडमास्तरांच्या टेबलासमोर थांबले. वरचा पंचा उचलला आणि दोन्ही हातांनी पुढे धरला.

"ठेवा तिथं," हेडमास्तर म्हणाले.

"हातात घ्या, सर."

"ठेवा म्हणतो ना."

गुरुजींनी ठेवला नाही, मागेही सरले नाहीत. मग ते पहिल्या मास्तरांकडे वळले. ते हजेरीपटात काहीतरी शोधायला लागले. दुसरे तंबाखू थुंकायला म्हणून बाहेर गेले ते आलेच नाहीत. शेवटी गुरुजी माझ्यासमोर आले. चौथा पंचा हिरव्या काठाचा होता. गाठींचे बारीक दाणे त्यावर दिसत होते. हेडमास्तर चष्मा पुसत माझ्याकडे बघत होते, आणि मला माझा शेरा आठवला. दुसरं काही नाही, तेवढंच आठवलं.

मी म्हणाले, "ठेवा ना गुरुजी, टेबलावर. मी घेते."

त्यांनी माझ्याकडे क्षणभर पाहिलं. राग असता तर बरं झालं असतं. चारही पंचे घडी करून त्यांनी पिशवीत घातले आणि वर्गावर गेले. मागे हेडमास्तर हळूच म्हणाले, "पाहू, पाहू."

सुट्टी संपली, शेरे गेले. मी कायम झाले. गुरुजींना कमी केल्याचा कागद आला.

बाप-लेक नागपूरला गिरणीत काम बघायला निघाले आहेत असं कळलं, तेव्हा मी आमसुलांची पुडी घेऊन त्यांच्या वस्तीत गेले. दोन वर्षांत पहिल्यांदा. माग सोडवून बैलगाडीवर चढवला होता, म्हातारा त्याला टेकून बसला होता. मी पुडी पुढे केली, हातात. गुरुजींनी ती दोन्ही हातांनी घेतली, कपाळाला लावली.

"आमसुलं काय? बाबाले आंबट लय आवडते."

मी लाज गुंडाळून शेवटी विचारलंच, "गुरुजी, माझा पंचा?"

"होता न बाई. सुट्टीभर ठेवला होता. म्हटलं, बाई येतीन." ते थोडे थांबले. "आज सकाळी देऊन टाकला. त्यानं हातातून घेतला."

गाडीवानानं बैल हाकारले. गुरुजी गाडीमागून चालत निघाले. "येतो बाई," म्हणाले, एवढंच. मी त्यांच्याकडे पाहत नव्हते. गाडीवानानं खांद्यावरचा पंचा ओढून तोंड पुसलं, आणि त्याचा काठ हिरवा होता.