मायाळ हिवाळा

आमच्या हिच्या मामांनी आजवर समुद्र पाहिलेला नाही, पण जगातल्या कुठल्या समुद्राकाठी हिवाळ्यात किती पांघरुणं लागतात, यावर त्यांच्याशी वाद घालून जिंकलेला माणूस माझ्या पाहण्यात नाही. मामा ईट गावचे. शेती, दोन म्हशी, आणि घसा असा की बांधावरून हाक मारली तर पलीकडच्या शिवारातलं माणूस वळून बघतं. असा हा माणूस गावाशेजारच्या वाशीच्या आठवडी बाजारात कांदे विकता विकता अनोळखी गिऱ्हाइकाला सांगायचा, "आयर्लंडची थंडी वंगाळ न्हाय, नुसती वली हाय. कॅनडात व्हँकुव्हरला बर्फ कमी, पर सूर्य दिसंल तर शप्पत! आन न्यूझीलंडाचं तर इचारूच नका, तिकडं आखाडात हिवाळा!" गिऱ्हाईक कांदे न घेताच पुढं सरकायचं. मामांना त्याचं काही नसायचं.

वेड म्हणून हसून सोडता आलं असतं, तर मीही सोडलं असतं. पण यामागचं कारण मला ठाऊक आहे आणि ते आठवलं की माझं डोकं सणकतं. मामांचा एकुलता एक मुलगा पोर्तुगालात समुद्राकाठच्या शहरात नोकरीला आहे. तिथंच त्याला मुलगा झाला. मामींनी नातवाला अजून मांडीवर घेतलेलं नाही; फोनच्या काचेवरून गाल कुरवाळायचा, तेवढंच. दोघांचे पासपोर्ट काढून झाले. पण उन्हाळ्यात विषय काढला की चिरंजीवांना कुठंतरी फिरायला जायचं असतं, आणि हिवाळ्यात काढला की ते म्हणतात, "अप्पा, समुद्राकाठची थंडी वेगळी असते. आईला सोसायची नाही." झालं! मामा पडले सरळ माणूस. त्यांना वाटलं, अडचण थंडीची आहे ना, मग थंडीचाच निकाल लावू.

फोनवर कुठल्याशा माहितीत त्यांनी 'माइल्ड विंटर' ऐकलं. त्याचं त्यांनी केलं 'मायाळ'. "भाचेजावई, दर्याकाठचा हिवाळा मायाळ आसतो बरं का. समुद्र उन्हाळाभर ऊब धरून ठिवतो आन मग किनाऱ्याला थोडी थोडी देतो. आईवानी." मी दुरुस्ती केली नाही. शब्द चुकला होता, पण हवामान बरोबर होतं, आणि खरं सांगायचं तर मला तो शब्दच आवडला.

मग मामांनी परदेशातली माणसं गाठायला सुरुवात केली. कुणाचा पुतण्या, कुणाची भाची, सोडलं म्हणून कुणाला नाही. अंश-बिंश त्यांना मान्य नव्हते. त्यांचा प्रश्न एकच, "खोबऱ्याचं तेल बाटलीतून पडतंय का?" ईटला पौषात सकाळी तेल गोठतं आणि बाटली उन्हात ठेवली की जेवणवेळेपर्यंत पातळ होतं, हेच त्यांचं माप. व्हँकुव्हरचा एक पोरगा म्हणाला, "बाहेर ठेवलं तर दिवसभर गोठलेलंच राहतं, पण घरात हीटर असतो, तिथं पडतं." मामांनी तिथल्या तिथं निवाडा दिला, "म्हंजी गाव नापास, घर पास." आयर्लंडमधल्या कुणाच्याशा सुनेला तर त्यांनी भर कामाच्या वेळी न्हाणीघरात पाठवून बाटली उलटी करायला लावली. तीही बिचारी गेली. मामांना नाही म्हणणं कुणाला जमत नाही. जमतं ते एकट्या त्यांच्या पोराला.

गेल्या हिवाळ्यात मामा-मामी आमच्याकडं आले होते. मामी आणि ही स्वयंपाकघरात. मामांनी बाहेरच्या खोलीत मुलाला फोन लावला, आवाज मोठा ठेवला आणि मला शेजारी बसवलं, पंच म्हणून. मग कायदेशीर मांडणी सुरू झाली. "आयर्लंडात पाऊस, कॅनडात अंधार. तुझ्याकडं ऊन हाय, बर्फ न्हाय. तुझ्या अंशातच सांगतो, बाहेर धा, घरात हीटर. हितं बाहेर बी धा आन घरात बी धा. आता सांग, तुझी आय गारठतीया कुठं?"

मी मनात म्हटलं, शाब्बास मामा! मग मुलगा म्हणाला, "अप्पा, थंडीचं एवढं नाही हो. हिचे आईबाबा असतात ना हिवाळाभर इथं. दरवर्षीच येतात. घर लहान आहे, तुम्हीच समजून घ्या."

व्याह्यांच्या हाडांना मात्र ती थंडी सोसत होती म्हणायची! माझ्या तोंडावर शिवी आली होती. मामांनी हातानंच मला थांबवलं. "बरं," म्हणाले, "ठिवतो." एवढ्या मोठ्या घशाचा माणूस, पण ते 'ठिवतो' मला शेजारी बसूनही जेमतेम ऐकू आलं.

मामी चहा घेऊन आल्या. "काय म्हणला वं? कधी या म्हणला?"

मामांनी कप घेतला. "लई थंडी हाय तिकडं," ते म्हणाले. "हाडं फोडणारी. म्याच म्हणलं, नगं."

"तुमी तर मायाळ हाय म्हणत हुतासा?"

"चुकलंच माजं. समद्यात वंगाळ थंडी तितंच हाय."

"अगं बया!" मामी म्हणाल्या. "मग लेकराचं कसं हुईल? म्हणावं, कानाला बांधून हिंड."

"सांगतो की," मामा म्हणाले.

त्यानंतर मामांच्या तोंडून मी दुसऱ्या कुठल्या देशाची थंडी ऐकलेली नाही. बाजारात ते मुकाट्यानं कांदे विकतात, आणि मला ते बघवत नाही. मामींनी आमच्या हिच्याकडून विणकाम शिकून घेतलंय. टाके चुकतात, उसवतात, पण नातवासाठी कानटोपी चालली आहे. परवा ईटला गेलो तर मामा त्यांच्यासमोर बसून लोकरीचा गुंता सोडवत होते. मामींनी टोपी उचलून दाखवली, "एवढी जाड बास हुईल का वं?"

मामांनी ती हातात घेतली, बोटांनी चाचपली. "न्हाय," म्हणाले, "अजून जाड कर."